समोरचा काठ

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात ज्या गावांत सर्वांत आधी शिरले, त्यांपैकी एक. १९९४ मध्ये देशोदेशीच्या अनेक संघटनांनी मिळून एक निवेदन काढले: जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा पुरवणे थांबवावे. त्या निवेदनाला त्यांनी नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. तेव्हा नंदुरबार हा जिल्हादेखील अस्तित्वात नव्हता. तो धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे जिल्ह्याचे नाव नकाशावर येण्याआधीच त्यातल्या एका लहानशा आदिवासी गावाचे नाव वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत पोहोचले होते.

भारतातले दारिद्र्य परदेशी दिग्दर्शक कसे दाखवतात, या नेहमीच्या वादात शिरण्यापूर्वी हा क्रम ध्यानात घ्यावा असे आम्हांला वाटते. आमच्या भागात परदेशी कॅमेरा आधी आला नाही. आधी परदेशी पैसा आला. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विस्थापितांचे काय होणार याची ओरड वाढली, तेव्हा ब्रॅडफर्ड मोर्स आणि टॉमस बर्जर यांच्या समितीने पाहणी करून १९९२ मध्ये अहवाल दिला आणि बँकेला एक पाऊल मागे घ्यायला सांगितले. १९९३ मध्ये बँकेचा उरलेला पैसा बंद झाला. पण धरण थांबले नाही. कॅमेरे आले ते या साऱ्याच्या आगेमागे.

त्यांतला एक कॅमेरा फ्रॅनी आर्मस्ट्राँग या ब्रिटिश दिग्दर्शिकेचा. तिचा ‘ड्राऊन्ड आउट’ हा माहितीपट २००२ मध्ये आला. त्यातले गाव जलसिंधी. ते मध्य प्रदेशातले. पण जलसिंधीत नदीकडे तोंड करून उभे राहिले की समोरचा काठ आमचा. अक्राणी तालुक्यातले डोमखेडी तिथेच, पलीकडे. १९९९ च्या पावसाळ्यात याच डोमखेडीत लोक चढत्या पाण्यात उभे राहिले होते. लुहारिया नावाचा एक वैदू, त्याचे कुटुंब, त्याचे घर, आणि पाणी चढत असताना त्यांच्यापुढे असलेले पर्याय, एवढाच त्या चित्रपटाचा गाभा. शहराच्या झोपडपट्टीत जावे, पुनर्वसनाची जमीन घ्यावी, की घरातच राहून बुडावे? ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे चालू ठेवण्यास परवानगी दिली. त्यानंतर या प्रश्नाला उत्तर देण्याची मुदत पावसाळ्यावर येऊन ठेपली.

आता वादाकडे वळू. परदेशी माणसाने आपले दारिद्र्य दाखवले की आपल्याकडे त्रागा होतो, आणि हा त्रागा जुना आहे. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६८ मध्ये भारतभर हिंडून सात भागांची मालिका केली. १९७० मध्ये बीबीसीने ती दाखवली, तेव्हा भारत सरकारने बीबीसीला दिल्लीतले कार्यालय बंद करायला लावले. १९९० नंतर कोलकात्यात रोलँ जोफेच्या ‘सिटी ऑफ जॉय’च्या चित्रीकरणाला विरोध झाला. २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ला आठ ऑस्कर मिळाले, त्या वेळी मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी एका हाताने अभिनंदन केले आणि दुसऱ्या हाताने नाक मुरडले. पण हा राग परदेशी माणसापुरता आहे, असे मात्र समजू नये. १९८० मध्ये नर्गिस दत्त यांनी राज्यसभेत सत्यजित राय यांच्यावर दारिद्र्य निर्यात करतात असाच आरोप केला होता. राय कुठल्या परदेशातले? राग कोणी दाखवले याचा असतो, त्याहून अधिक तो कोणाला दाखवले याचा असतो. पाहुण्यांच्या देखत घरातले भांडण निघावे, तशी ही लाज आहे. आणि लाज वाटणारा मनुष्य बहुधा तो नसतोच, ज्याचे घर पडद्यावर दिसते.

उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. इटलीचा रॉबेर्तो रोसेलिनी १९५७ मध्ये भारतात आला आणि त्याने ‘इंडिया : मातृभूमी’ हा चित्रपट केला. त्याच्या एका भागात हिराकूड धरण आहे. नायक पूर्व बंगालमधून आलेला निर्वासित कामगार. धरण पुरे झाल्यामुळे त्याला तिथून निघावे लागते, आणि जाण्यापूर्वी तो आपण बांधलेले ते प्रचंड काम डोळे भरून पाहतो. चित्रण सुंदर आहे. पण कॅमेरा धरण बांधणाऱ्याच्या शेजारी उभा आहे; ज्यांची गावे त्या जलाशयाच्या तळाशी गेली त्यांच्या शेजारी नाही. हिराकूडने लाखाहून अधिक माणसे उठवली. या चित्रपटाने भारताची प्रतिमा मलिन केली असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. परदेशी नजरेचे आपल्याला वावडे नाही; ती कुठल्या काठावरून पाहते, यावर सारे अवलंबून असते.

‘स्लमडॉग’विषयी थोडे. त्यात ताजमहालाचा एक प्रसंग आहे. वाटाड्या बनलेला पोरगा अमेरिकी दांपत्याला घाट दाखवायला नेतो, इकडे मोटारीची चाके गायब होतात, चालक त्या पोराला बडवू लागतो. तेव्हा पोरगा म्हणतो की तुम्हांला खरा भारत पाहायचा होता, हा घ्या. आणि बाई आपल्या देशाचा खरेपणा म्हणून शंभर डॉलरची नोट काढायला लावते. आपण जे विकतो आहोत त्याचे गिऱ्हाईक कोण, हे या चित्रपटाला पक्के ठाऊक आहे, आणि तो त्याची थट्टाही करतो. तरीही संपूर्ण चित्रपटात एका गोष्टीचे उत्तर मिळत नाही : ही मुले गरीब का आहेत? दंगल आहे, भीक मागायला लावणारा दुष्ट आहे, गुंड आहे. पण जमीन, मजुरी, घर, पाणी यांचा हिशेब नाही. गरिबी तिथे हवेसारखी आहे, असतेच. म्हणून तिच्यातून सुटका होते ती नशिबाने, प्रश्नमंजूषेच्या खुर्चीवर बसून.

मराठीच्या वर्गात क्रियापदे शिकवता शिकवता आम्हांला या चित्रपटांकडे पाहण्याची एक सोपी कसोटी सापडली. ‘तो गरीब आहे’, ‘तो गरीब झाला’ आणि ‘त्याला गरीब केले’ ही तीन निरनिराळी वाक्ये आहेत. पहिल्यात स्थिती आहे, दुसऱ्यात घटना आहे, तिसऱ्यात कर्ता लपलेला आहे आणि वाचकाने तो शोधायचा आहे. दारिद्र्यावरचे बहुतेक चित्रपट पहिल्या वाक्यात सुरू होतात आणि तिथेच संपतात, मग दिग्दर्शक लंडनचा असो की लोअर परळचा. ‘ड्राऊन्ड आउट’ तिसऱ्या वाक्यावर उभा आहे. जलसिंधीचा माणूस चित्रपटाच्या आरंभी गरीब नसतो; निदान स्वतःच्या लेखी तरी नसतो. त्याला गरीब करण्याची प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखत चालू असते, आणि ती तारीखवार सांगता येते. आमच्या मते या चित्रपटाचे मोठेपण त्याच्या करुणेत नाही, या व्याकरणात आहे.

आम्ही तो विद्यार्थ्यांना दाखवला. वर्गात निम्मी मुले नंदुरबार-शहाद्याकडची, अहिराणी किंवा गुजर बोली बोलणारी. काही धडगाव, मोलगीकडची, घरी पावरी बोलणारी. जलसिंधीची भिलाली आणि या मुलांची पावरी यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे झाले असे की अर्धा वर्ग खालच्या इंग्रजी ओळी वाचत होता आणि चार-पाच जण नुसते ऐकत होते. ऐकणारी मुले मध्येच हसली. आम्ही गंभीर तोंडे करून बसलो होतो, म्हणून ते हसणे जरा बोचले. चित्रपट संपल्यावर विचारले, तेव्हा धडगावकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, माणूस घरातल्याशी बोलतो तो आवाज वेगळा आणि त्या बाईंच्या कॅमेऱ्याशी बोलतो तो वेगळा. खाली दोन्ही सारखेच लिहिलेत.”

भाषेच्या विद्यार्थ्याने याहून नेमके काय सांगावे? परक्याशी बोलताना मनुष्य वाक्य धुऊन-पुसून देतो, थोडे मोठ्याने बोलतो, ज्या गोष्टी घरात सांगाव्या लागत नाहीत त्या सांगतो. तळओळींत हा फरक विरतो आणि उरतो तो एकच, सपाट, शहाणा, दुःखी आवाज. परदेशी प्रेक्षकाला वाटते, हाच आदिवासी. अर्थात ‘परदेशी प्रेक्षक’ म्हणताना आम्ही स्वतःलाही त्यात धरले पाहिजे. नंदुरबारहून धडगाव काही फार लांब नाही. पण घाट चढला की आमची मराठी तिथे साहेबाची भाषा होते. अमिता बाविस्कर यांच्या ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ (१९९५) या पुस्तकात पलीकडच्या अलिराजपूरचे भिलाल आदिवासी बिगर-आदिवासींना ‘बाजारिया’ म्हणतात असे आहे. बाजारातला माणूस. त्या एका शब्दात ब्रिटिश दिग्दर्शिका, मुंबईचा कार्यकर्ता, तलाठी आणि मराठीचा प्राध्यापक असे सगळे मावतात.

त्याच चर्चेत दुसरी एक विद्यार्थिनी घराविषयी बोलली. कुडाच्या भिंती, मातीची जमीन, आत अंधार; शहरातला प्रेक्षक त्याला झोपडी म्हणेल. ती म्हणाली, सागाचे खांब असलेले ऐसपैस घर आहे, गुरांना आत जागा आहे, कणगी ठेवायला जागा आहे. आमच्याकडे असे घर असलेल्यांकडे मुलगी द्यायला लोक तयार होतात. वर्ग हसला. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २००२ मध्ये ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची जी पाहणी झाली तिच्यात १३ निकष होते आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण. जमीन किती, घर कसे, कपडे किती, जेवण किती वेळा, घरात कोणत्या वस्तू, कर्ज कशासाठी, असे. चित्रपट आणि ही पाहणी एकाच वर्षातली, हा योगायोग आम्हांला नेहमी विचारात पाडतो. त्या तक्त्यात नदीला रकाना नाही, जंगलाला नाही, मोहाच्या झाडाला नाही. जे नाही त्याची मोजदाद करण्याची ही पद्धत कोणा परदेशी माणसाने आणलेली नव्हती. जलसिंधीच्याच बावा महारिया यांनी १९९४ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांना एक पत्र लिहिले होते. त्यात त्यांनी नदी आणि रान आपल्याला काय काय देते याची यादीच मांडली होती. एकाच माणसाचे हे दोन हिशेब. सरकारी तक्त्यात तो शून्याच्या जवळ बसतो, स्वतःच्या पत्रात तो सधन शेतकरी आहे.

इथे सावध राहावे लागते. हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग गरिबी नाहीच. आदिवासी आपल्या रानात राजा आहे. ही दुसरी परदेशी कल्पना, आणि पहिलीपेक्षा ती कमी घातक नाही. ‘ड्राऊन्ड आउट’लाही तिचा मोह जागोजाग पडतो : नदी, ढोल, संध्याकाळ. सातपुड्यातल्या कुपोषित बालकांची गोष्ट खोटी नाही. अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, हे खोटे नाही. नर्मदाकाठच्या गावांना औषध पोहोचवायला तरंगता दवाखाना लागतो, हेही नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये काढलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या आकडेवारीत महाराष्ट्रातला सर्वांत गरीब जिल्हा आमचाच निघाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या तेंभली गावात वाटले गेले. पंतप्रधान आले, कॅमेरे आले, आणि गरिबाचा चेहरा सगळ्या वाहिन्यांवर दिसला. तो चेहरा आपल्याच लोकांनी निवडला होता, आपल्याच कामासाठी. त्यावर कोणी दारिद्र्याचे प्रदर्शन म्हणून ओरडले नाही.

आमची खरी तक्रार निराळी आहे. पाणी चढते ते दिसते. घर बुडते ते दिसते. तेवढ्यासाठी कॅमेरा येतो, आणि आला हे बरेच झाले. पण आमच्या जिल्ह्यातले बहुतेक लोक पाण्यात बुडून गरीब झालेले नाहीत. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी गेल्या त्या सावकाराच्या वहीतून, अंगठ्यांतून, शेजाऱ्याच्या सरकत्या बांधातून. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती याच जमिनींच्या आणि सालदारांच्या प्रश्नावर. या घटनेचा चित्रपट कसा करणार? ती पन्नास वर्षे चालते आणि तिच्यात एकही दृश्य नाही. आज दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते, आणि उचल फिटेपर्यंत तो कोयता मुकादमाचा. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या या खानदेशी तोडकऱ्यांवर १९७० च्या दशकातच लिहिले : सहकारी कारखान्याला स्थानिक मजूर हाताशी असताना लांबचे लोक का हवे असतात, मजुरी दबलेली कशी राहते, हे त्याने मांडून दाखवले. तोही परदेशीच. त्याच्या लिखाणात ढोल नाही, संध्याकाळ नाही. कर्ता मात्र आहे. त्याच्यावर कोणी रागावले असेल तर ते कारखानदार. प्रतिमा मलिन झाल्याची हाकाटी झाली नाही, कारण शोधनिबंधाला पाहुणे येत नाहीत.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. वाहरू सोनवणे हे आमच्या भागातले भिल्ल कवी, श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. ‘गोधड’ हा त्यांचा कवितासंग्रह. त्यांची ‘स्टेज’ ही कविता अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आमचे दुःख आम्हांलाच समजावून सांगणारे लोक मंचावर आणि आम्ही खाली, असा तिचा रोख आहे. अभ्यासक ती वाचताना मंचावर बहुधा सत्ताधाऱ्यांना बसवतात. आम्ही ती वर्गात वाचतो, तेव्हा उभे असतो ते एका लाकडी चौथऱ्यावर, आणि धडगावची मुले खाली बाकांवर असतात. कविता शहाद्याच्या चळवळीतून आली आहे. तिचे बोट मंचावर बसलेल्या सहानुभूतीदारांकडे आहे. तिला परदेशी माणसाची गरजच पडलेली नाही. फ्रॅनी आर्मस्ट्राँगला तरी निदान हे ठाऊक होते की आपण बाहेरच्या आहोत. तिच्या पुढच्या ‘द एज ऑफ स्टुपिड’ (२००९) या चित्रपटात भारत पुन्हा आहे, पण तिथे ती मुंबईच्या स्वस्त विमान कंपनीच्या तरुण उद्योगपतीच्या मागे फिरते. सामान्य भारतीयाला विमानात बसवणे ही त्याची गरिबीवरची योजना. भारतातला श्रीमंतही तितक्याच लक्षपूर्वक पाहण्याची वस्तू आहे, हे ध्यानात ठेवणारे परदेशी दिग्दर्शक थोडे. आपल्याकडेही थोडेच.

सप्टेंबर २०१९ मध्ये धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. १९९९ मध्ये जिथे लोक पाण्यात उभे राहिले तिथे आता कोणी उभे राहू शकत नाही. डोंगरमाथ्यांवर सरकलेली घरे आहेत आणि मधून बोटी जातात. त्या पाण्यावर चित्रपट करायला आता सहसा कोणी येत नाही. घटना संपली, स्थिती सुरू झाली. महाराष्ट्राच्या बुडितातली ३३ गावे नंदुरबारचीच. त्यांतल्या अनेक कुटुंबांचे कागद अजून कचेऱ्यांत फिरताहेत.

गेल्या वर्षापासून आमच्याकडे एक छोटे काम चालू आहे. धडगाव-मोलगीची पाच मुले ‘ड्राऊन्ड आउट’च्या मराठी तळओळी लिहीत आहेत, इंग्रजीवरून नव्हे, बोलणे ऐकून. घरातल्या आवाजासाठी त्यांनी आधी पावरी वळणाची मराठी वापरून पाहिली, कॅमेऱ्याच्या आवाजासाठी पुस्तकी. मग कोणीतरी शंका काढली की पहिली वाचून नंदुरबारची मुले हसतील आणि माणूस अडाणी वाटेल. दोन आठवडे त्यावरच गेले. ‘गरीब’ या शब्दावर तर अजून एकमत नाही. तो कुठे घालायचा, घालायचा की नाही, आणि मूळ बोलण्यात तो नसताना इंग्रजीत कुठून आला, यावर रोज नवी बाजू निघते. आम्ही मध्ये पडत नाही. विसाव्या मिनिटाच्या आसपास काम थांबले आहे. आवाजांतला फरक ज्याने प्रथम सांगितला होता तो मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर बारडोलीकडे गेला. उचल त्याच्याही नावावर आहे. होळीला येईन असे सांगून गेला आहे. बाकीचे चौघे त्याच्यावाचून पुढची ओळ लिहायला तयार नाहीत.